मालिका कथाक्रमाने वाचावी की प्रकाशनाच्या क्रमाने?

प्रकाशनाच्या क्रमानेच वाचा. यंदाच्या पावसाळ्यात नाशिकला घरी बसून मी आयझॅक असिमोव्हची 'फाउंडेशन' ही विज्ञानकथांची मालिका वाचली. पहिली तीन पुस्तकं 1951 ते 1953 मधली. 'प्रिल्यूड टू फाउंडेशन' 1988 चं, पण कथेत सगळ्यांच्या आधी घडणारं. मी आधी तेच उचललं आणि फसलो. पहिल्या पुस्तकात गणितज्ञ हॅरी सेल्डन थोडा वेळच भेटतो, व्हीलचेअरवर बसलेला म्हातारा. पुढे शतकानुशतकं त्याचं भविष्याचा अंदाज बांधणारं गणित माणसांना वाट दाखवतं. हा माणूस नेमका होता कोण, हे कुतूहल मनात धरून वाचण्यातच खरी गोडी आहे. 'प्रिल्यूड'मध्ये त्याच्याच तरुणपणाची गोष्ट असल्याने माझं ते कुतूहल आधीच संपलं होतं.

रहस्यकथांना ही अट नाही. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा (अशोक जैन यांचे मराठी अनुवाद फार सुरेख आहेत) कुठूनही सुरू करा. एका बैठकीत एक अख्खी कथा संपते.

फॅन्टसीत अर्सुला ले ग्विनची 'अर्थसी' मालिका घ्या. तिसरं पुस्तक 1972 चं, चौथं थेट 1990 चं, आणि तेवढ्या वर्षांत लेखिकेची नजर किती बदलली ते पानोपानी जाणवतं.

सार्वजनिक वाचनालयातून घेणार असाल तर पुढचा भाग जागेवर आहे ना, हे आधी विचारून घ्या.