राण्यांची जोडी हातात, पण चिप्स थोड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दहा जण महिन्यातून एकदा टेक्सास होल्डेमची (पोकरचा प्रकार : हातात दोन बंद पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडे) घरगुती टूर्नामेंट खेळतो. प्रत्येकाला २०,००० चिप्स. शेवटचे तीन सोडून बाकीच्यांनी मिळून भडंग-चहाचं बिल भरायचं. परवा सहा जण उरले होते. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने घालायच्या चिप्स, मोठा तो बिग ब्लाइंड) १,०००/२,०००, शिवाय बिग ब्लाइंडवाला सगळ्यांच्या वतीने २,००० अँटी (डावाची ठरावीक भर) भरतो. माझ्याकडे ३२,००० होते आणि हातात दोन राण्या. माझ्या आधीच्याने ५,००० चा रेज केला (बोली वाढवली). मी नुसता कॉल केला (तेवढेच घातले), मागून बटणवाला (वाटणाऱ्याच्या जागेवरचा) आणि बिग ब्लाइंडही आले. फ्लॉप (पहिले तीन उघडे पत्ते) एक्का, नव्वी, चौकी. बिग ब्लाइंडने चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली), रेजवाल्याने १२,००० लावले. मी कॉल केला, टर्नला (चौथ्या उघड्या पत्त्याला) उरलेले १५,०००ही घातले. त्याच्याकडे एक्का-दश्शी. नशीब म्हणायचं की चूक?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : एक्का येणं नशीब. त्याला येऊ देण्याची सोय मात्र तुम्ही केलीत.

तुमची पाळी आली तेव्हा मध्ये १०,००० पडले होते : ब्लाइंडचे ३,०००, अँटीचे २,००० आणि रेजचे ५,०००. तुमच्याकडे १६ बिग ब्लाइंड (३२,००० भागिले २,०००). तिथेच ऑल-इन जायला (सगळ्या चिप्स लावायला) हवं होतं. सगळ्यांनी पानं टाकली तर एकही पत्ता न उघडता ३२ चे ४२ हजार होतात. कुणी कॉल केलाच, तर एक्का-राजासमोर तुम्ही १०० पैकी साधारण ५६-५७ वेळा जिंकता, एक्का-दश्शीसमोर ७० च्या आसपास आणि लहान जोडीसमोर ८१ वेळा. फक्त राजांची किंवा एक्क्यांची जोडी निघाली तर पंचाईत, तिथे तुमचे १८-१९ च उरतात. पण त्या दोन जोड्या मिळून १२ प्रकारे येतात, एकटा एक्का-राजाच १६ प्रकारे.

नुसत्या कॉलने काय होतं ते बघा. बटणवाल्याने कॉल केल्यावर बिग ब्लाइंडला फक्त ३,००० घालायचे होते आणि मध्ये २०,००० होते. त्या भावात तो काहीही घेऊन येणार, आणि त्यात त्याचं चुकत नाही. राण्या हातात असताना फ्लॉपवर एक तरी एक्का किंवा राजा पडण्याची शक्यता ४१ टक्के. गुलामांना राणीचीही भीती, म्हणून ५७ टक्के. दश्श्यांना जवळजवळ ७०. एकासमोर खेळताना तो एक्का बहुतेक वेळा कुणाच्याच कामाचा नसतो. तिघांसमोर तो कुणाच्या तरी हातात असतोच असं धरून चाला. एक्क्यांची जोडीसुद्धा एका अनोळखी हातासमोर ८५ टक्के जिंकते, तिघांसमोर ६४.

मग १३,००० चा रेज का नको? रेजवाल्याने आणखी ८,००० घातले की मध्ये ३१,००० होतात आणि तुमच्याकडे १९,००० उरतात. तेवढ्यावर पानं टाकवत नाहीत, आणि त्याला फ्लॉप मात्र बघायला मिळतो. ३५-४० बिग ब्लाइंड असते तर हाच रेज बरोबर ठरला असता. तुमच्या आधी कुणीच रेज केला नसता, तर ४,००० ते ४,५०० चा साधा रेज पुरे. लिंप (रेज न करता बिग ब्लाइंडएवढेच घालून येणं) कधीच नको.

दुसरी चूक फ्लॉपवर झाली आणि आमच्या मते तीच महागात पडली. चौघांच्या डावात एक्का पडलाय, आधी रेज करणाराच पुन्हा १२,००० लावतोय. आता तुम्हाला तारणारे पत्ते दोनच, उरलेल्या राण्या. उघडायचे राहिलेले दोन्ही पत्ते मिळून शक्यता ८.४ टक्के. इथे पानं टाकली असती तर २७,००० हातात होते. एका फेरीला ब्लाइंड-अँटीचे ५,००० जातात, म्हणजे पाच फेऱ्यांची बेगमी. तीन पत्तीत पेअर आली की चाल चालत राहायची सवय लागते, समोरचा कधी तरी पॅक होईल म्हणून. होल्डेममध्ये पाच पत्ते उघडे पडतात. पहिल्या दोनांचा रुबाब फ्लॉपनंतर टिकेलच असं नाही.

लहान जोड्यांचंही विचारलं असतंत तर : पंजा-पंजा घेऊन ‘तिसरा लागला तर बघू’ म्हणत कॉल करू नका. तिसरा फ्लॉपवर साडेआठ वेळांतून एकदाच लागतो. त्यासाठी स्टॅक (आपल्याकडच्या सगळ्या चिप्स) कॉलच्या पंधरा-वीस पट तरी हवा. तुमचा होता साडेसहा पटही नाही.

प्रश्न : आमच्या स्पर्धेत पाच किलो कंदी पेढे असतात : पहिल्याला अडीच, दुसऱ्याला दीड, तिसऱ्याला एक किलो. चौघे उरलो, सगळ्यांच्या चिप्स सारख्या. एकजण ऑल-इन गेला, मी बटणवर, हातात राण्या. मी टाकल्या आणि सगळे हसले. चुकलो का?
— शाहूपुरी, सातारा

उत्तर : समोर कोण होतं यावर आहे. हिशेब पेढ्यांतच करू. चौघांच्या चिप्स सारख्या, म्हणजे प्रत्येकाचा वाटा आत्ता सव्वा किलो. कॉल करून हरलात तर शून्य. जिंकलात तर निम्म्या चिप्स तुमच्या, पण निम्म्या चिप्सची किंमत अडीच किलो होत नाही. पहिले येण्याची शक्यता १/२, दुसरे १/३, तिसरे १/६. तीनही मिळून १ किलो ९१७ ग्रॅम. सव्वा किलो पणाला लावून एवढंच मिळणार असेल, तर कॉल परवडायला ६५ टक्के जिंकायला हवं. ५० नव्हे. (तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये असतात, काही चिप्स आधीच गेलेल्या असत्या, तर आकडा थोडा उतरला असता.)

आता तो माणूस. गुलामांपासून वरच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढ्यावरच जाणारा असेल, तर राण्या ४७ टक्केच जिंकतात. टाकणं योग्य, हसू द्या. कुठलाही एक्का, कुठलीही जोडी, दोन चित्रं दिसली की जाणारा असेल, तर तुम्ही ७० च्या आसपास. तिथे टाकणं चूक. आणि चौथ्याकडे दोन-तीन बिग ब्लाइंडच उरले असते, तर तो आधी जाईपर्यंत थांबण्याला आणखी किंमत आली असती.

याचीच दुसरी बाजू बहुतेक जण विसरतात. ६५ टक्क्यांची अट कॉल करणाऱ्याला लागू होते. सगळे पेढ्यांकडे डोळे लावून बसलेले असताना आधी ऑल-इन जाणाऱ्याचं पारडं जड असतं.

प्रश्न : सरावासाठी पैसे लावून खेळायचं कुठलं ॲप घ्यावं?
— कऱ्हाड

उत्तर : कुठलंच नको. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. सराव घरच्या कॅटवर होतो. दोन राण्या आणि एक वेगवेगळ्या रंगांचा एक्का-राजा बाजूला काढा. उरलेले ४८ पत्ते दर वेळी नीट पिसा. दोन गठ्ठे एकमेकांत घुसवून पिसत असाल तर सात वेळा. पाच पत्ते उघडा, कोण जिंकलं ते वहीत लिहा. असं शंभर वेळा. पहिल्या वीस डावांत राण्या सलग पाचदा हरलेल्याही दिसू शकतात, तेव्हा वही मिटू नका.