तिसऱ्यांदा इन्स्टॉल करू नका, आधी कार्डाचं नाव बघा

शिरपूरकर भाऊ, पेन ड्राइव्ह बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: सर्व्हरची जुनी साटा एसएसडी मेली, तिच्या जागी एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी) लावली, प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशिन्स चालवणारी लिनक्स प्रणाली) नव्याने टाकलं आणि नेटवर्कची जुनी फाइल बॅकअपमधून जशीच्या तशी आणून ठेवली. आता ब्राउझरमध्ये प्रॉक्समॉक्सचं ८००६ पोर्टवरचं पान उघडत नाही, पिंग (मशीन उत्तर देतंय का ते बघायची हाक) जात नाही, पण लॅनच्या पोर्टवरचा दिवा लुकलुकतोय.

दिव्याचं मनावर घेऊ नका. वायर आणि स्विच जिवंत आहेत, एवढंच तो सांगतो. माझा संशय त्या जुन्या फाइलवर आहे.

लिनक्स लॅन कार्डाला नाव देतं ते बहुतेक वेळा कार्ड पीसीआयच्या (मदरबोर्डवर कार्डं जोडायच्या वाटेच्या) कितव्या बसवर आहे ते बघून. ईएनपी२एस० म्हणजे बस २, स्लॉट ०. तुमची नवी एनव्हीएमईसुद्धा पीसीआयवरच बसते. भुसावळच्या एसटीत बाकड्यावर तिसरा माणूस घुसला की कडेचा सरकतो ना, तसंच. कार्ड तेच, पोर्ट तोच, नाव मात्र ईएनपी३एस० होऊन बसतं. जुन्या फाइलमधला ब्रिज (व्हर्च्युअल मशिन्सना कार्डाशी जोडणारा आभासी स्विच), म्हणजे व्हीएमबीआर०, अजून ईएनपी२एस० ला धरायला बघतोय, आणि त्या नावाचं कार्ड मशीनमध्ये उरलेलंच नाही.

गंमत म्हणजे इन्स्टॉलरने नवीन नाव बरोबर लिहिलं होतं. आपणच वरून जुनी फाइल टाकून ते पुसलं. पुन्हा इन्स्टॉल करून पुन्हा तीच फाइल टाकली तर काय होणार?

मशीनला मॉनिटर-कीबोर्ड लावा, रूटने लॉगिन करा आणि ‘आयपी लिंक’ कमांड चालवा. यादीत कार्डाचं जे नाव दिसेल ते कागदावर उतरवा. मग ईटीसीमधल्या नेटवर्क फोल्डरातली इंटरफेसेस फाइल नॅनोमध्ये उघडा. जुनं नाव दोन ठिकाणी सापडेल: एक आयफेसच्या ओळीत, दुसरं ब्रिज-पोर्ट्सच्या ओळीत. दोन्हीकडे बदला. बरेच जण पहिलं बदलतात, दुसरं विसरतात. आयपी पत्ता आणि गेटवे (बाहेर जायचा रस्ता, बहुधा राउटर) ब्रिजखालीच राहू द्या, कार्डाला वेगळा पत्ता देऊ नका. सेव्ह करून ‘आयएफरिलोड’ला ‘उणे ए’ जोडून चालवा, रीबूटची गरज नाही.

गेटवेला पिंग गेलं पण पान उघडलं नाही, तर ईटीसीतली होस्ट्स फाइल बघा. मशीनचं नाव त्यात नसेल किंवा नावासमोर १२७ ने सुरू होणारा पत्ता असेल तर प्रॉक्समॉक्सची क्लस्टर सेवा उठत नाही आणि पान येत नाही.

आता माझी फजिती सांगतो. चोपड्याकडच्या एका जिनिंगमध्ये असाच सर्व्हर दोन दिवस बंद होता. मे महिना, ऑफिसातला कूलर गरम हवा फेकतोय, आणि मी सगळं बरोबर लिहूनही पिंग कधी लागतंय, कधी तुटतंय. कार्ड बदललं, केबल बदलली, रात्रीचे अकरा वाजले. शेवटी लॅपटॉपवर ‘आयपी नेबर’ (कोणत्या आयपीमागे कोणतं यंत्र आहे ते दाखवणारी कमांड) चालवलं तर सर्व्हरच्या आयपीपुढे भलताच मॅक पत्ता, म्हणजे लॅन कार्डाचा ओळख क्रमांक. सर्व्हर बंद असताना कोणीतरी हजेरीच्या अंगठ्याच्या मशीनला तोच आयपी देऊन ठेवला होता! ‘काय व्हयनं?’ म्हणून विचारत वॉचमन आला तेव्हा मी भिंतीवरचं ते यंत्र काढत होतो. तेव्हापासून, मशीन काही काळ बंद राहिलं असेल तर आधी त्याची वायर काढतो आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याच आयपीला पिंग करतो. उत्तर आलं तर चोर घरातच आहे.

होस्ट, म्हणजे हे खरं मशीन, लागला की व्हर्च्युअल मशिन्सकडे वळा. बॅकअपवरून आणलेलं मशीन सुरूच होत नसेल आणि ब्रिज नाही अशी तक्रार करत असेल, तर जुन्या होस्टवर व्हीएमबीआर१ होता, तो इथे बनवलेला नाही. रिस्टोर करताना ‘युनिक’वर टिक केली असेल तर मॅक पत्ता नवा मिळतो, मग राउटरमध्ये मॅकवर बांधलेला आयपी त्याला मिळणार नाही. जुना मॅक कॉन्फिगमध्ये परत लिहिला की झालं, पण जुनं मशीन कुठे चालू नाही ना, ते आधी बघा.

तुम्ही शेवटी विचारलंय की केबलऐवजी वायफाय वापरू का. नको. वायफायचा ॲक्सेस पॉइंट साधारणपणे एका जोडणीमागे एकच मॅक मानतो, त्यामुळे ब्रिजमागची मशिन्स बाहेर पडत नाहीत. नॅट करून (सगळ्या मशिन्सना एकाच पत्त्याआड ठेवून) जमतं, पण ऑफिसच्या सर्व्हरला ती कसरत कशाला?

हे सगळं झाल्यावर अपडेट करताना ४०१ ची एरर आली तर पुन्हा नेटवर्कमागे लागू नका. ती सबस्क्रिप्शनवाल्या एंटरप्राइज रेपॉझिटरीची (अपडेट जिथून येतात त्या साठ्याची) आहे, ती बंद करून नो-सबस्क्रिप्शन वाली लावा. आणि नाव बदलूनही अडलं तर ‘आयपी लिंक’च्या स्क्रीनचा आणि इंटरफेसेस फाइलचा फोटो इथे टाका, रात्री बघतो.