वाचक विचारतात : महासत्ता कशाने ठरते?

प्रश्न : ब्रिटनने 1952 मध्येच अणुचाचणी केली. सुरक्षा परिषदेत नकाराधिकारही आहे. मग त्याला महासत्ता का म्हणत नाहीत?

उत्तर : 1944 साली ‘महासत्ता’ हा शब्द चर्चेत आला, तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत संघाबरोबर ब्रिटनचंही नाव घेतलं जात होतं. ते गळालं का, हे 1956 च्या सुएझ प्रकरणातून नेमकं कळतं.

26 जुलैला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. तो परत ताब्यात घ्यायला नोव्हेंबरच्या सुरुवातीला ब्रिटिश-फ्रेंच फौजा इजिप्तच्या पोर्ट सैद बंदरात उतरल्या. रणांगणावर त्यांची सरशीच होत होती. घात झाला तो तिजोरीत. पौंडाचा दर 2.80 डॉलरला बांधलेला. लोक पौंड विकू लागले की तो टिकवायला डॉलर खर्च करावे लागत. गंगाजळी झपाट्याने आटली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून पैसे हवे, तर अमेरिकेची संमती हवी. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ती अडवली. त्यातच कालवा बंद पडल्याने तेल अडलं, आणि पर्यायी तेल विकत घ्यायलाही डॉलरच लागणार! 6 नोव्हेंबरच्या मध्यरात्री युद्धबंदी झाली. माघारीचं कबूल केल्यावरच डिसेंबरमध्ये कर्ज मंजूर झालं.

म्हणून रणगाडे मोजण्याआधी एक बघा : मित्रदेशाने पैसा आणि इंधन रोखलं, तरी तो देश आपली मोहीम किती दिवस चालवू शकतो? माझ्या मते हीच खरी कसोटी. सैन्य, लोकसंख्या, भूभाग हे त्यानंतर. सोव्हिएत संघाकडे हे तिन्ही होतं, तरी धान्य बाहेरून आणावं लागे.