छिन्नी पाणी देऊन कडक केल्यावर पुन्हा तापवून नरमच करायची, तर ती सुरुवातीलाच हवी तेवढीच कडक का करू नये?

आपण विचारले आहे की, पाणी दिलेल्या छिन्नीचा कडकपणा टेंपरिंगमध्ये, म्हणजे ती पुन्हा बेताने तापवून, शेवटी कमीच करायचा असेल, तर ती थोडी सावकाश थंड करून नेमका हवा तेवढा कडकपणा एकदाच का मिळवू नये. शिकाऊ असताना हाच प्रश्न मलाही पडला होता.

सुमारे 0.8 टक्के कार्बन असलेले पोलाद 727 अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्यातील अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन त्या मांडणीत विरघळतो. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. सावकाश थंड केल्यास कार्बन वेगळा होतो आणि मऊ लोखंड व कठीण लोह-कार्बाइड यांचे आलटूनपालटून पापुद्रे तयार होतात, म्हणजेच पर्लाइट. पाण्यात बुडवल्यास कार्बनला वेगळे व्हायला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो, मांडणी ताणली जाते आणि मार्टेन्साइट तयार होतो, ज्याचे नाव आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञावरून पडले आहे. त्याचे काठिण्य रॉकवेल सी मापनपट्टीवर 65 च्या आसपास जाते आणि कानस त्यावरून नुसती घसरते. मात्र मार्टेन्साइट होताना पोलाद फुगते, आणि पृष्ठभाग व गाभा एकाच वेळी फुगत नसल्यामुळे आत मोठे ताण उरतात. टेंपरिंग उद्यावर टाकलेली माझी एक छिन्नी सकाळी हातोडीचा एकही घाव न बसता तडकलेली सापडली होती.

टेंपरिंगमध्ये हे ताण उतरतात आणि अडकलेला कार्बन अतिशय बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर सुमारे 220 ते 230 अंशांना फिकट पिवळा, 280 च्या आसपास जांभळा आणि 300 च्या आसपास निळा रंग दिसतो. छिन्नीची धार साधारणपणे जांभळ्यावर थांबवतात. हे रंग तापवण्याच्या कालावधीनुसारही सरकतात, त्यामुळे भट्टीचे तापमान मोजता येत असेल तर मी रंगापेक्षा त्यावरच विसंबतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन तुकड्यांचे काठिण्य सारखे असले तरी त्यांची अंतर्रचना सारखी असेलच असे नाही. पर्लाइटमधील कार्बाइडचे लांबट, ठिसूळ पापुद्रे तडा पसरायला सोयीचे ठरतात. टेंपर केलेल्या मार्टेन्साइटमध्ये तेच कार्बाइड बारीक कणांत विखुरलेले असल्यामुळे तितक्याच काठिण्याला चिवटपणा सहसा जास्त मिळतो. शिवाय थंड होण्याचा वेग पातळ धारेत वेगळा आणि जाड दांड्यात वेगळा असतो, त्यामुळे तो वेग साधून नेमके मधले काठिण्य मिळवणे फार अवघड जाते. टेंपरिंगचे तापमान मात्र मनाजोगते ठरवता येते.

तरीही आपली कल्पना निराधार नाही. ऑस्टेंपरिंग नावाच्या प्रक्रियेत पोलाद पाण्याऐवजी सुमारे 300 ते 400 अंशांच्या वितळलेल्या क्षारात बुडवून तिथेच धरून ठेवतात. त्यातून बेनाइट ही चिवट रचना थेट मिळते आणि वेगळे टेंपरिंग बहुधा लागत नाही. साध्या कार्बन पोलादाच्या पातळ स्प्रिंग व क्लिपांसाठी ती उत्तम आहे. छिन्नीइतक्या जाड तुकड्याचा गाभा मात्र क्षारात पुरेशा वेगाने थंड होत नाही आणि तिथे पर्लाइटच तयार होतो.