बाह्य हार्ड डिस्क जोडलेली असताना संगणक सुरू न होणे: फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

आपण लिहिल्याप्रमाणे यूएसबी हार्ड डिस्क जोडून डेस्कटॉप सुरू केला की काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकत राहतो, आणि डिस्क काढली की विंडोज नेहमीसारखे सुरू होते. नंतर जोडल्यास तीच डिस्क विनातक्रार उघडते, तरीही दुकानदाराने ती फॉरमॅट करायला सांगितले आहे. कृपया तसे करू नका. जी डिस्क विंडोजमध्ये नीट वाचता येते ती बहुधा निर्दोष असते, आणि फॉरमॅट करून तिच्यावरचे फोटो व कागदपत्रे घालवूनही हा अडथळा तसाच राहू शकतो.

संगणक नेमका कुठे थांबतो, हे आधी पाहावे. आपला संगणक कंपनीचे बोधचिन्ह दाखवून पुढे जातो आणि मग अडतो, म्हणजे बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमची) प्राथमिक तपासणी पूर्ण झालेली आहे. त्यानंतर जुन्या पद्धतीचा बायोस ठरलेल्या क्रमाने प्रत्येक डिस्कचा पहिला 512 बाइटचा सेक्टर (डिस्कचा छोटा कप्पा) वाचतो आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये 55 एए ही खूण आढळली की त्या सेक्टरमधील प्रोग्रॅमकडे ताबा देऊन मोकळा होतो. विंडोजमध्ये एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीने विभागलेल्या, केवळ फायली साठवण्याच्या डिस्कवरही ही खूण असते. तिथे चालवण्याजोगी ऑपरेटिंग सिस्टिम नसली तर काही बायोस पुढच्या डिस्ककडे वळतात, काही तिथेच अडकून बसतात. निव्वळ यूएफआय या बायोसची जागा घेणाऱ्या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकात या दोन बाइटना महत्त्व नसते, त्यामुळे लुकलुकणारा कर्सर पाहून मला आपला संगणक जुन्या पद्धतीने सुरू होत असावा असेच वाटते.

उपाय बूट ऑर्डर, म्हणजे संगणक सुरू होताना डिस्क तपासण्याचा क्रम, बदलण्याचा आहे. डिस्क जोडलेलीच ठेवून संगणक सुरू करा आणि डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये जा. डिस्क काढून गेलात तर यादीत तिचे नावच दिसणार नाही. येथे बरेच जण फसतात, कारण अनेक बायोस यूएसबी हार्ड डिस्कला पेन ड्राइव्हसारखे काढघालीचे साधन न मानता आतल्या हार्ड डिस्कच्याच गटात धरतात. त्यामुळे मुख्य यादीत ‘हार्ड डिस्क’ पहिली दिसत असली, तरी हार्ड डिस्कच्या प्राधान्यक्रमाच्या स्वतंत्र उपयादीत बाह्य डिस्क सर्वांत वर जाऊन बसलेली असते. त्या उपयादीत आतली डिस्क वर आणा, बदल जतन करा आणि संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

काही दिवसांनी हा क्रम आपोआप पूर्ववत झाला आणि घड्याळही मागे पडलेले दिसले, तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदला. रात्री भिंतीवरच्या वीज-बोर्डाचे बटण बंद करण्याची आपल्याकडची सवय चांगलीच आहे, पण वीज नसताना घड्याळ त्या सेलवर चालत असल्याने तो लवकर संपतो.

बोधचिन्हावरच संगणक गोठत असेल आणि बायोसमध्येही जाता येत नसेल, तर मात्र प्रकरण वेगळे आहे. अशा वेळी डिस्क मागच्या बाजूच्या पोर्टला आखूड केबलने थेट जोडून पाहा. यूएसबी 2.0 पोर्ट 500 आणि यूएसबी 3.0 पोर्ट 900 मिलिअँपिअर देण्यासाठी आखलेला असतो, आणि अडीच इंची डिस्क फिरू लागताना याहून जास्त प्रवाह ओढू शकते. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर वीज अपुरी पडत असल्याचा किंवा डिस्क खरोखरच बिघडत असल्याचा संशय घ्यावा आणि आधी बॅकअप घ्यावा. पोर्ट बदलूनही फरक पडला नाही, तर मदरबोर्डच्या कंपनीने बायोसची नवी आवृत्ती दिली आहे का ते पाहा. बायोसमधील ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ (विंडोज सुरू होण्याआधी यूएसबी साधने चालवणारी सोय) बंद केल्यानेही कधी काम भागते, पण मग विंडोज सुरू होईपर्यंत यूएसबी कीबोर्ड चालेनासा होण्याची शक्यता असते. म्हणून पीएस/2 (जुन्या गोल पिनचा) कीबोर्ड हाताशी असल्याखेरीज त्या पर्यायाला हात लावू नका.