अपडेटनंतर मोठी अक्षरं जातील का?

प्रश्न: यवतमाळकडच्या एका गावात ऑफिसला कंप्युटरवर बसते जी, नजर कमी आहे. आता विंडोज ११ टाकून राहिले, माझी मोठी अक्षरं जातील का?

उत्तर: ताई, १० च्यावरच ११ चढवलं तर सेटिंग बहुतेक तशीच राहते, पण फॉरमॅट मारला तर सगळं नव्यानं करावं लागते, म्हणून टाकणाऱ्या भाऊला आधीच विचारा. गेलीच तर सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, टेक्स्ट साइज, तिथली पट्टी २२५ टक्क्यांपर्यंत सरकते, मग अप्लाय दाबायचंच. बारीक सातबारा वाचायला विंडोज बटन अन् अधिकचं चिन्ह सोबत दाबा, भिंग उघडते, विंडोज अन् एस्केपनं बंद होते. अपग्रेड टाळू मात्र नका, १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. अन् लाइन जायच्या टायमाला अपडेट लावूच देऊ नका, यूपीएस तेवढा वेळ टिकत नाही.