श्रद्धेला पुरावा मागावा का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझा मुलगा अभियंता आहे. त्र्यंबकेश्वरी जाऊन कालसर्प शांती केली की त्याच्या व्यवसायातील अडचणी दूर होतील, असे तो म्हणतो. मी पुरावा विचारला, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी अणू कुठे पाहिला आहे? तुम्ही पुस्तकावर विश्वास ठेवता, मी गुरुजींवर ठेवतो. शेवटी दोन्ही विश्वासच." मला उत्तर सुचले नाही. त्याचे म्हणणे नेमके कुठे चुकते?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपल्या चिरंजीवांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आधी मोकळेपणाने मान्य करावे. आपल्याला जे ठाऊक आहे असे आपण समजतो, त्यातला फार मोठा भाग दुसऱ्याच्या शब्दावर उभा असतो. आपली जन्मतारीखसुद्धा आपण ऐकीव माहितीवरच सांगतो. न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेने, म्हणूनच प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान (साम्यावरून होणारे ज्ञान) यांच्या जोडीला 'शब्द' हे चौथे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. अट एवढीच, की तो शब्द आप्ताचा असावा, म्हणजे ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, अशा माणसाचा. तेव्हा पुस्तकावर विसंबण्यात कमीपणा नाही. विचारायचे ते हे, की सांगणारा कोणत्या बाबतीत आप्त आहे आणि त्याचे सांगणे पडताळून पाहण्याची वाट इतरांना मोकळी आहे का.

पंचांगाचे एक पान समोर घ्या. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाचा स्पर्श, म्हणजे प्रारंभ, रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी होणार, हे कितीतरी आधी छापून झाले होते, आणि जिथे आकाश निरभ्र होते तिथे ते तसेच दिसले. त्याच पानावर, त्याच ग्रहणाचे वेध दुपारपासून पाळावेत, त्या काळात भोजन करू नये, असेही लिहिलेले असते. पहिले विधान गणिताचे आहे. ते चुकले असते तर घरोघरी कळले असते. दुसऱ्या विधानाला असा कोणताही प्रसंग येत नाही, कारण वेधात जेवलेल्या माणसाला काय झाले म्हणजे ते खोटे ठरेल, हे कोणीच सांगितलेले नाही. तरीही पहिल्याने मिळवलेला विश्वास वाचक नकळत दुसऱ्याला देऊन टाकतो. आपल्या चिरंजीवांच्या बाबतीतही हेच झाले असावे. गुरुजी संहितेत, मंत्रोच्चारात, विधीच्या क्रमात निश्चितच आप्त आहेत. व्यवसायातील मंदीची कारणे हा त्यांच्या अधिकाराचा विषय ठरत नाही. अणूच्या बाबतीत मात्र आपण स्वतः प्रयोग केला नसला, तरी तो कोणीही, कोणत्याही देशात करून पाहू शकतो, आणि पुस्तक चुकीचे ठरले तर ते बदलले जाते.

'विश्वास' हा शब्द आपण दोन अगदी निराळ्या कामांना लावतो, हे येथे सांगायला हवे. 'माझा आईवर विश्वास आहे' या वाक्यात एक नाते आहे. 'यंदा गंगापूर धरण भरेल असा माझा विश्वास आहे' या वाक्यात जगाविषयीचे एक विधान आहे, आणि ते खरे किंवा खोटे ठरणार आहे. पहिल्याला दाखला मागणे असभ्यपणाचे होईल. दुसऱ्याला मागणे रास्त आहे. कोणी म्हणाले, 'माझी त्र्यंबकराजावर श्रद्धा आहे', तर त्याची उलटतपासणी घेण्याचे कारण नाही. तोच मनुष्य 'अमुक विधी केला की तमुक अडचण दूर होते' असे म्हणू लागला, की त्याने कार्यकारणाचे विधान केले, आणि अशा विधानाने श्रद्धेला मिळणारी सूट मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा भेद पुस्तकी वाटत असेल, तर आपण राहता त्या पंचवटीचाच इतिहास आठवावा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याच्या अग्रभागी होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले आणि लढा पुढे काही वर्षे चालला. रामावरील श्रद्धा खरी की खोटी, हा तेथे वादाचा विषयच नव्हता. अमुक माणसांच्या प्रवेशाने देऊळ बाटते, या विधानाचा तो वाद होता. ते विधान माणसांविषयीचे होते, त्याला कसलाही आधार नव्हता, आणि श्रद्धेच्या नावाखाली ते वर्षानुवर्षे बिनचौकशी चालू राहिले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे हा अनुभवही होता.

राज्यघटनेच्या उद्देशिकेत 'विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' असे शब्द आहेत. विश्वास आणि श्रद्धा तेथे वेगवेगळे नोंदवले आहेत. त्याच घटनेचा अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादा घालतो आणि अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. मनातल्या श्रद्धेला घटना हात लावत नाही, तिच्या नावाने दुसऱ्याशी केलेले वर्तन मात्र ती तपासते.

चिरंजीवांना एवढेच विचारावे : शांती केल्यावर सहा महिन्यांत काय घडले, म्हणजे ती फळाला आली नाही असे तू म्हणशील? त्यांच्याजवळ उत्तर असेल, तर दोघे मिळून ते कागदावर लिहून ठेवावे. उत्तर नसेल आणि केवळ मनःशांतीसाठी जायचे असेल, तर त्यांनी तसे म्हणावे. मग पुराव्याचा प्रश्नच उरत नाही, आणि आपणही त्यांच्याबरोबर जावे.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, बाग फुलोऱ्यात असते, तेव्हा पावसाचा अंदाज आला की घरचे म्हणतात, "विश्वास ठेव, काही होणार नाही." माझ्या मनाला पटत नाही. विश्वास असा ठरवून ठेवता येतो का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : मराठीत विश्वास 'बसतो' आणि विश्वास 'ठेवला' जातो. बसणे आपल्या हाती नाही. लख्ख उन्हात कोणी लाख रुपये देऊ केले, तरी या क्षणी पाऊस पडतो आहे असा विश्वास आपला बसणार नाही. ठेवणे मात्र हाती आहे, कारण तो विसंबून राहण्याचा निर्णय असतो. व्यापाऱ्याने भाव ठरवला, माल काढला, गाडी भरली आणि पैसे पुढच्या आठवड्यात, तेव्हा आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो; आणि पैसे बुडालेल्या बागायतदारांच्या हकिकती ऐकल्यावर चिठ्ठी लिहून घेणे हा त्या विश्वासाचा अपमान होत नाही. ढगावर विश्वास ठेवण्याला काही अर्थ नाही, कारण ढगाने आपल्याला शब्द दिलेला नसतो.

अलेक्झांडर बेन या स्कॉटिश विचारवंताने विश्वासाची ओळख कृतीच्या तयारीवरून करून दिली. त्या कसोटीने पाहिले, तर डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने आपण पहाटे फवारणीचा ब्लोअर बाहेर काढता, तिथे आपला खरा विश्वास दिसतो. घरच्यांना धीर द्यायचा असतो आणि त्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. तरीही विल्यम क्लिफर्ड या इंग्लिश गणितज्ञाचा १८७७ सालचा एक युक्तिवाद त्यांना जरूर सांगावा. एक जहाजमालक जुन्या जहाजाविषयीच्या शंका मनातून दडपतो, जहाज सुखरूप पोहोचेल असे स्वतःला पटवतो आणि प्रवाशांसह ते पाठवून देतो, जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, ते पोहोचले असते तरी मालक तितकाच दोषी, कारण हाती असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास धरण्याचा त्याला अधिकारच नव्हता. फवारणी न करता बाग वाचली, तरी न फवारण्याचा निर्णय बरोबर होता असे त्यावरून ठरत नाही.

प्रश्न : प्रतिज्ञापत्रात 'माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे' असे दोन शब्द का लिहितात?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : माहिती म्हणजे जे आपल्याला स्वतः ठाऊक आहे आणि आपण सिद्ध करू शकतो ते; समजूत म्हणजे जे आपण कशाच्या तरी आधारे खरे धरतो ते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १९, नियम ३ नुसार प्रतिज्ञापत्रात सामान्यतः पहिल्याच प्रकारचा मजकूर असावा लागतो. अंतरिम, म्हणजे दावा चालू असतानाच्या, अर्जांत समजुतीवरचे कथनही चालते, पण त्या समजुतीचा आधार सोबत नमूद करावा लागतो. दोन्ही शब्द छापील नमुन्यात सरसकट येतात म्हणून सही करून मोकळे होऊ नये; कोणता परिच्छेद माहितीवर आहे आणि कोणता समजुतीवर, हे वकिलांकडून वेगळे लिहवून घ्यावे.